शेकाचे जुने कागद

साकीनाक्याच्या एका गाळ्यात शकु हिवाळे अठरा वर्षं ड्रिल मशीन चालवत होती. उजव्या हाताने दांडा खाली ओढून पितळी पट्ट्यांना भोकं पाडायची. सहा वर्षांपूर्वी उजव्या स्तनातली गाठ काढली, मग पंचवीस दिवस शेक घेतला. रेडिएशनला वॉर्डातल्या बाया शेकच म्हणत. त्यानंतर ती पुन्हा मशीनवर उभी राहिली. यंदा त्याच जागी, जुन्या टाक्यांशेजारी, परत गाठ हाताला लागली.

घरच्यांनी हाय खाल्ली. जालन्याहून आलेले तिचे थोरले भाऊ भाऊराव म्हणाले, गावी चल, उगाच शरीराचे हाल नकोत. घाटकोपरचा एक डॉक्टर तर तिच्याकडे न बघता तिच्या मुलाला, आकाशलाच समजावू लागला, की एकदा शेकलेल्या जागी आता फारसं काही करता येत नाही, गोळ्या चालू ठेवू.

"डॉक्टर, छाती माझी आहे," शकु म्हणाली. "माझ्याशी बोला."

तरी तो आकाशकडेच बघत राहिला, तेव्हा ती फाईल काखेत मारून उठली आणि मोठ्या इस्पितळात गेली. तिथल्या डॉक्टर दर्शनाबाईंनी तिला चित्र काढून सांगितलं. आता पूर्ण स्तन काढावा लागेल. शेकलेली कातडी लवकर भरत नाही, म्हणून पाठीचं मांस पुढे आणून लावू. गरज पडली तर पुन्हा शेकही देता येईल, पण मागे नेमका कुठे आणि किती दिला, ते कागद हवेत.

जुन्या इस्पितळात ते सापडेनात. पहिल्या दिवशी कारकून म्हणाला, कॉम्प्युटर बदललेत. दुसऱ्या दिवशी, साहेब नाहीत. तिसऱ्या दिवशी शकु डबा घेऊनच गेली आणि खिडकीसमोर बसली. लोक बघतायत, चल ना आई, असं आकाश म्हणत राहिला. तिने तिथेच भाकर खाल्ली. साडेचारला कारकून वैतागून तळघरात उतरला आणि धुळीने भरलेले कागद घेऊन आला.

"बाई, एवढं कुणी मागे लागत नाही."

"म्हणून तर सापडत नाहीत," शकु म्हणाली.

ऑपरेशन झालं. जखम भरायला अडीच महिने गेले. एका कोपऱ्यातून पाणी यायचं थांबेना, तेव्हा मात्र ती दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. पुढे त्या कागदांच्या आधाराने बेताचा शेक पुन्हा दिला. उजवा हात खांद्याच्या वर जाईना. ती रोज भिंतीवर बोटं चालवत तो वर न्यायची.

मालकाने तिला पॅकिंगच्या टेबलावर बसवलं. महिनाभर तिने ऐकलं, मग डाव्या हाताने दांडा ओढून दाखवला आणि मशीन परत घेतलं. शेजारच्या नलिनीने ब्लाउजमध्ये ठेवायला पॅड आणून दिलं होतं. मशीनपुढे त्याने घाम येतो म्हणून तिने काढून टाकलं. पदर एका बाजूला सपाट पडायचा. बघणारे बघत.

पूर्ण बरी झालीस, असं दर्शनाबाई अजून म्हणत नाहीत. दर तीन महिन्यांनी बोलावतात. गेल्या तपासणीत काही निघालं नाही. शकुने रिपोर्ट स्वतः वाचला, न कळलेले दोन शब्द त्यांना विचारले, आणि मग तो आकाशच्या हातात दिला.