काकांच्या हवाली केलेलं कुत्रं

कुत्र्याच्या कानाची कड दोन बोटांत धरून काका हलकेच चोळायचे. कुत्र्याचा मागचा पाय आपोआप हवेत खाजवू लागला की मान डोलवून म्हणायचे, "खरूजच हाय. पण खाज हाय बाई, मरण न्हाई."

कुरुंदा गावात ते माझे शेजारी. जनावरांच्या दवाखान्यात शिपाई होते. निवृत्त झाल्यावर अर्धा दवाखाना त्यांच्या ओट्यावर आला. कुणी केस गळालेली मांजर आणी, कुणी पिसवांनी बेजार ससा. बोचकारणाऱ्या मांजरीला ते पिशवीत घालत, फक्त तोंड बाहेर ठेवत आणि रुसलेल्या पाहुणीशी बोलावं तसं बोलत, "झालं हं, झालं. एवढी काहून चिडून राहिली?"

मालकांवर मात्र उखडत. "कुत्र्याला धुवून राहिले, अन् त्याचं निजायचं पोतं तसंच? पोत्यातले किडे हसून राहिले तुमाला!" तुम्हीही असा माणूस पाहिला असेल, ज्याच्या रागावण्याचाच आधार वाटतो.

माझ्या वाघ्याला खरूज झाली तेव्हा गल्लीने नाकं मुरडली. काका म्हणाले, "माझ्या अंगणात बांधा." औषध लावत, त्याच्याशी गप्पा मारत. सासूबाईंच्या ऑपरेशनसाठी मला नांदेडला राहावं लागलं, तेव्हा मी अगदी निर्धास्त होते.

परतले तर दावं रिकामं.

"तोडून पळाला, बाई," काका म्हणाले. डोळ्यांत पाणी. माझ्यासोबत हळदीच्या शेतांतून हिंडले. "वाघ्या, ये रे!" अशी हाक मारताना त्यांचा आवाज फुटला. शेवटी मीच त्यांची समजूत घातली.

पुढे एका जीपवाल्याने सहज सांगितलं, "तुमचं कुत्रं? त्याला तं काकानंच वारंगा फाट्यावर सोडलं. माझ्याच जीपमदी नेलं."

मी तशीच त्यांच्या ओट्यावर गेले. "काहून काका?"

"नातवाच्या हातावर पुटकुळ्या आल्त्या. सून म्हणे, कुत्रं असंल तर लेकरू पुन्हा इथं आणणार न्हाई."

कुत्रं बरं झालं की माणसाच्या पुटकुळ्याही जातात, हे साऱ्या गावाला त्यांनीच शिकवलं होतं. सुनेपुढे मात्र जीभ रेटली नाही. बरं, मला एक फोन केला असता तर मी येऊन त्याला घेऊन गेले असते. सोडलं ते सोडलं, वर माझ्यासोबत हाका मारत हिंडले! त्या हाकांचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

फाट्यावरच्या चहावाल्याला मी विचारलं, "खरूज झालेलं कुत्रं पाहिलं का?"

"खरूज? न्हाई बाई. म्हातारबानं जीपमदून उतरवलं तवाच अंगावर चांगले केस व्हते. कुरुंद्याची जीप आली का धावायचं, उतरणाऱ्याला हुंगायचं, परत येऊन बसायचं. लई दिवस बसलं. मग दिसलं न्हाई."

काका आता पुण्याला मुलाकडे असतात. गावात कुणाचं कुत्रं खाजवू लागलं की लोक हळहळतात, "काका पाहिजे व्हते." वाघ्याला त्यांनी पूर्ण बरं केलं होतं. बरं केलं, आणि मग सोडलं.