वायसर फुगले तेव्हा

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत वाल्मीक गायखेची पत्र्याची शेड आहे. शेतकऱ्यांच्या फवारणी पंपांचे रबरी वायसर तो बनवतो. त्यासाठी लागणारं कृत्रिम रबर परदेशातून यायचं. यंदा युद्ध पेटलं, जहाजं अडकली आणि हंगाम तोंडावर आला. वाल्मीकने केरळचं नैसर्गिक रबर आणून वायसर काढले. दिसायला अगदी तसेच.

ते विकल्यावर आठव्या दिवशी मखमलाबादच्या भागुबाई पंप घेऊन शेडवर आल्या. शेवंती पिकवणारी बाई.

"आरं वाल्मीक, निंबोळी तेल फवारलं तर समदं पाठीवर गळालं. हे वायसर हाय का जिलबी?"

वायसर फुगून वेडेवाकडे झाले होते.

"मावशी, चूक माझी," वाल्मीक म्हणाला. एक जुना वायसर शोधून त्याने बसवून दिला. त्याच दुपारी दुकानोदुकानी फिरून उरलेला माल परत आणला.

संध्याकाळी तो गंगापूर रोडला लतिका मॅडमकडे गेला. कॉलेजात त्याला रसायनशास्त्र त्यांनीच शिकवलं होतं.

"नैसर्गिक रबर तेलात फुगतं, हे तुला माहीत नव्हतं?"

"होतं, मॅडम. चालून जाईल वाटलं."

त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "दुसऱ्या महायुद्धात जपानने मलाया घेतलं आणि अमेरिकेला रबर मिळेनासं झालं. कृत्रिम रबराचे कारखाने उभे राहीपर्यंत लोकांनी जुने टायर, रबरी पायपुसणी, काय मिळेल ते गोळा केलं. तुझ्याकडे काय पडलंय?"

"वायसर साच्यातून काढल्यावर कापून टाकलेली कात्रणं. पोती भरून."

"कृत्रिम रबराचीच ना? मग दळ."

कात्रणं बारीक दळून तो उरल्यासुरल्या कृत्रिम रबरात मिसळू लागला. भुकटी जास्त झाली की वायसर तुटायचे. त्याची बायको सृष्टी प्रत्येक नमुना निंबोळी तेलाच्या बाटलीत बुडवून किती फुगला ते रोज मोजायची. तिसऱ्या आठवड्यात प्रमाण जमलं.

पहिला वायसर घेऊन तो भागुबाईंच्या मळ्यात गेला.

"आधी तुझ्या पाठीवर घे," त्या म्हणाल्या.

वाल्मीकने पंप चढवला आणि सगळी शेवंती फवारली. भागुबाईंनी त्याच्या शर्टावरून हात फिरवला. कोरडा होता.

"चार दे. शेजारणींनाबी लागत्यात."

जहाज दिवाळीनंतर आलं. तोवर आसपासच्या गावांतले दोनेकशे पंप त्या कात्रणांवरच चालले.