आठ खांबांचं शेड

लातूर वेगळा जिल्हा झाला तेव्हा लिंबाजी सोनकांबळे नांदेडला होता. देगलूर नाक्याजवळच्या एका गॅरेजात तो हेल्पर म्हणून लागला आणि अकरा वर्षांत मिस्त्री झाला. मालक माणूस बरा होता, पण लिंबाजीनं कितीही इंजिनं बांधली तरी गॅरेज मालकाचंच राहणार होतं. गावाकडून येणारा जो तो सांगायचा, आता लातुरात कलेक्टर बसणार, साहेब लोकांच्या जीपा येणार, रस्ते होणार. त्याचं गाव मुरुड, लातूर-बार्शी रस्त्यावरचं, आणि लिंबाजीच्या बापाची जागा तर रस्त्याला लागूनच. त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यात तो बायकोला, पंचशीलाला, घेऊन गावी परतला. घरी म्हातारी आई होती, नागुबाई.

मी तेव्हा मुरुडच्या शाळेत मास्तर होतो. माझी जुनी मोपेड महिन्यातून एकदा तरी लिंबाजीकडे जायची. तो घरासमोर बाभळीला ताडपत्री बांधून काम करायचा. बोलणं थोडं. इंजिन खोललं की सगळे भाग धुतलेल्या धोतराच्या तुकड्यावर ओळीनं मांडायचा, आणि वारा सुटला की स्वतः त्यांच्या आड बसायचा.

"असं उघड्यावर इंजिन खोलणं म्हणजे रस्त्यावर आपरेशन करणं हाय, गुरुजी," तो म्हणायचा. "वर पत्रा पाहिजे. आठ खांब, वर पत्रा. बस."

जीपा काही फारशा आल्या नाहीत. पंच्याऐंशी साली पाऊसही आला नाही, आणि लिंबाजीचं काम मात्र वाढलं. बोअर पाडणाऱ्या गाड्या, टँकर ओढणारे ट्रॅक्टर, सगळे याच रस्त्यानं. कुणाचा एक्सल गेला, कुणाचा गिअरबॉक्स. लिंबाजीला याची लाज वाटायची. "लोकायचे हाल चालू हायेत अन् माझा धंदा चालून राहिला," असं तो एकदा माझ्याकडे न बघता म्हणाला. पण शेड बांधायचं तर आताच, हेही त्याला कळत होतं.

नांदेडची शिल्लक आठ हजार होती. दिवाळीनंतर तो लातूरला गंजगोलाईत गुरुपादप्पांच्या लोखंडाच्या दुकानात गेला. गुरुपादप्पा साठीचे, कपाळाला भस्म, आवाज हळू. त्यांनी लिंबाजीची यादी वाचली. वीस बाय तीसचं शेड, पत्रे सव्वीस, खांब आठ, पत्रे पेलणाऱ्या वरच्या कैच्यांना अँगल, सिमेंट दहा पोती.

"वाऱ्याचं काय लिहिलंत, मिस्त्री?" त्यांनी विचारलं.

"वाऱ्याचं?"

"खांबाखांबात तिरके अँगल लागतात. न्हाईतर वारा आत शिरला की शेड छत्रीसारखं वर जातं. अन् खड्डे किती धरलेत?"

"अडीच फूट, आप्पा."

"मुरुडची काळी माती, त्यात यंदा ही भेग. चार फूट जा. सिमेंट जास्त लागंल, लागू द्या. अन् काँक्रीट सात दिवस ओलं ठेवा, न्हाईतर ते धरत न्हाई. पोती टाका, त्यावर पाणी. ते चुकवू नका."

सगळं धरून हिशेब साडेदहा हजारांवर गेला. त्यात भाडं नाही, दार नाही, लाईटीचं मीटर नाही. लिंबाजीला वाटलं, दुकानदार माल खपवून राहिलाय. त्यानं तिरक्या अँगलवर काट मारली आणि खड्डे अडीच फुटांचेच ठेवले. गुरुपादप्पांनी दोनदा सांगून पाहिलं, मग माल काढून दिला.

तरीही पैसे पुरले नाहीत. पंचशीलानं दोन शेळ्या विकल्या. चाराच नव्हता, त्यामुळे बाजारात शेळ्याच शेळ्या होत्या आणि घेणारा कोणी नव्हता. मिळालं त्यात बैलगाडीचं भाडं आणि दोघा मजुरांचे दोन दिवस निघाले. पाणी कुठून आणायचं याचा आकडा मात्र कुठल्याच कागदावर नव्हता.

टँकर रोज एकदा यायचा. घराला सहा घागरी. काँक्रीट कालवायला पाणी लागलं तेव्हा लिंबाजीनं एका ट्रॅक्टरवाल्याची दुरुस्ती फुकट करून चार पिंपं मिळवली. वस्तीतली माणसं गोळा होऊन बघत राहिली. एक म्हातारी फक्त खड्ड्यात वाकून बघून गेली, विहिरीत बघतात तसं.

आठही खांब उभे झाले आणि दुसऱ्याच दिवशी निरोप आला, नांदेड जिल्ह्यात उमरीला एक जुनं वेल्डिंग मशीन विकाऊ आहे, पैसे हप्त्यानं दिले तरी चालतील. असं मशीन लिंबाजीला वर्षभर शोधूनही मिळालं नव्हतं. निघताना तो पंचशीलाला म्हणाला, "पोती वाळू देऊ नको. सकाळी दोन घागरी, दिवस मावळताना दोन. घरात जेवण न्हाई शिजलं तरी चालंल, पण हे कर."

"करते, जा तुमी," ती म्हणाली.

पुढचं मला दोघांनीही सांगितलं, वेगवेगळ्या वेळी.

शेजारच्या केवळाबाईची सून त्याच आठवड्यात बाळंत झाली होती. घरात कर्ता पुरुष नव्हता. मुलगा ऊसतोडीला गेलेला. टँकर आला की गर्दीत केवळाबाईच्या वाट्याला दोनच घागरी यायच्या, कधी एक. तिसऱ्या दिवशी सकाळी पंचशीला खांबांवर पाणी ओतत असताना केवळाबाई दाराशी येऊन उभी राहिली. मागितलं नाही तिनं काहीच. हातात बाळाची फडकी होती, दोन दिवसांची, न धुतलेली.

"मावशी, आणा इकडं घागर," पंचशीला म्हणाली.

त्या दिवसापासून चारही घागरी शेजारी गेल्या. लिंबाजी सातव्या दिवशी मशीन घेऊन आला तेव्हा पोती तिनं पुन्हा भिजवून ठेवली होती.

"सातही दिवस?" त्यानं विचारलं.

"हाव," ती म्हणाली.

माघात पत्रे चढले. शेड दिसायला फार देखणं झालं होतं. नागुबाई रोज सकाळी पुढच्या सावलीत बसायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "माझ्या लेकाचं हाय." लिंबाजीनं आत तेलाचं टिपाड, बाक, पान्यांसाठी खिळ्यांची ओळ, सगळं जागच्या जागी लावलं. तीन महिने त्यानं जे काम केलं ते त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं, असं तोच म्हणायचा. उन्हात आत भट्टी व्हायची, अंगाचं पाणी पाणी व्हायचं, पण इंजिनात धूळ जायची नाही.

वैशाखात एका दुपारी, चारच्या सुमाराला, पश्चिमेकडं आभाळ तांबडं झालं. लोक पावसाच्या आशेनं बाहेर आले. पाऊस चार थेंब पडला असेल. वारा मात्र असा आला की मी शाळेच्या व्हरांड्यात खांबाला धरून उभा होतो.

लिंबाजी शेडातच होता. दाराच्या बाजूचा खांब हलताना त्याला दिसला. बाहेर पडायचं सोडून त्यानं वरच्या अँगलला दोर टाकला आणि दोराला लोंबकळला. पंचशीला घरातून ओरडत होती, "सोडा! सोडा ते!" दोर त्याच्या हातातून निसटला, शेडाची एक बाजू वर उचलली गेली, खांबांच्या पायाशी काँक्रीटचे गोळे लोंबत होते, आणि मग सगळं एकदम शेजारच्या पडीक जागेत जाऊन कोसळलं. नागुबाई घरात होती म्हणून वाचली. एक पत्रा सुटून फिरत आला आणि लिंबाजीचा उजवा तळहात चिरत गेला.

लातूरच्या दवाखान्यात त्याला तेरा दिवस ठेवलं. जखम भरली. अंगठा आणि पहिलं बोट चालायचं, पण बाकीची तीन मिटत नव्हती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, शिरा तुटल्यात, एवढंच होणार.

घरी आल्यावर पहिल्याच दिवशी तो त्या पडीक जागेत गेला. डाव्या हातानं काँक्रीटचा एक गोळा उचलून त्यानं दाबला. तो राखेसारखा चुरगळला. त्यानं दुसरा घेतला. तोही तसाच. मिस्त्री माणूस, त्याला सांगायची गरज नव्हती.

"पंचशीला," त्यानं हाक मारली. "खरं सांग. पाणी किती दिवस टाकलंस?"

ती चुलीपाशी होती. उठून बाहेर आली. "दोन दिवस."

"अन् बाकीचं?"

"केवळामावशीला दिलं. बाळंतिणीला पाणी नव्हतं."

लिंबाजीनं हातातला चुरा झटकला. मग म्हणाला, "मला सांगितलं का न्हाई? आलो त्या दिवशी सांगितलं असतं तर म्या पत्रे चढवलेच नसते."

पुढं ती मला म्हणाली, गुरुजी, तेवढंच माझं चुकलं. पाणी दिलं ते न्हाई, हाव म्हणाले ते. पण त्या दिवशी तिलाही सहन झालं नाही. ती म्हणाली, "अडीच फुटाचे खड्डे म्या खांदले का? वाऱ्याचे अँगल म्या खोडले का?"

कुंपणापलीकडं केवळाबाई उभी होती. तिनं सगळं ऐकलं. ती आत गेली आणि त्यानंतर तिनं सोनकांबळ्यांच्या दारात पाय ठेवला नाही. पंचशीला दोनदा बोलवायला गेली. "माझ्यापायी माणसाचा हात गेला, आता कोणत्या तोंडानं येऊ," एवढंच ती म्हणायची. खरं तर तिचा त्यात काय दोष? पण असं तिला जाऊन लिंबाजीनंच सांगायला हवं होतं, आणि ते त्याच्याच्यानं झालं नाही. मी त्याला एकदा तसं म्हणालो.

"कळतंय, गुरुजी," तो म्हणाला. "दारापर्यंत जातो. मग हात दिसतो अन् परत फिरतो."

पुढची दोन वर्षं त्या घरात कामापुरतंच बोलणं होतं. जेवायला वाढलंय, दळण आणलंय, असं. पंचशीला रोजगार हमीच्या पाझर तलावावर माती उचलायला जायची. लिंबाजीनं वाकलेले पत्रे हातोडीनं सरळ केले, त्यातले अकरा विकले. वेल्डिंग मशीनही गेलं. गुरुपादप्पा एकदा स्वतः बघायला आले, पडलेल्या शेडाभोवती फिरले, आणि उरलेला माल निम्म्या भावात परत घ्यायला तयार झाले. "मी अजून जोर लावून सांगायला पाहिजे होतं," ते म्हणाले. लिंबाजीनं त्यांना चहा दिला, पण माल दिला नाही.

अठ्ठ्याऐंशीला पाऊस बरा झाला. श्रावणात, विहिरींना पाणी असताना, त्यानं पुन्हा खड्डे काढले. चारच, पण चार-चार फूट. डाव्या हातानं पहार धरायची तर त्याला एका खड्ड्याला तीन दिवस लागत होते. पहिल्या खड्ड्याच्या दुसऱ्या दिवशी पंचशीलानं पहार त्याच्या हातातून काढून घेतली आणि ती खणायला लागली. तो माती उपसत राहिला.

ते चार खांबांचं शेड अजून आहे. इंजिनाचं काम लिंबाजीकडून झालं नाही. पंक्चर, ऑइल बदलणं, चेन घट्ट करणं, एवढंच. माझी बदली अहमदपूरला झाली तेव्हा निरोप घ्यायला गेलो. पंचशीला आत एका सायकलचं चाक पाण्याच्या टोपात फिरवून बुडबुडे शोधत होती. लिंबाजी बाकावर बसून तिला सांगत होता, हळू, आणखी थोडं फिरव. शेडात दोन मोटारसायकली मावत होत्या. ट्रॅक्टर आला की तो रस्त्यावरूनच पुढं लातूरला पाठवत होता.