ऐनाच्या बेचक्यातला बटवा

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई मी नाही. विमा कंपनीत क्लेमच्या टेबलावर अर्धं आयुष्य गेलं. कुणी काहीही सांगो, मी म्हणते, "पुरावा दाखवा." या वेळी पुरावा माझ्याच मेमरी कार्डात आहे, आणि पंचाईत तीच आहे.

मी मुलुंडला राहते. रविवारी माझी मोठी जाऊ शालिनीवहिनी आणि मी बोरिवलीच्या नॅशनल पार्कात फोटो काढायला जातो. पक्षी नाहीत, प्राणी नाहीत, फक्त झाडं – ती पळत नाहीत. माझ्या कॅमेऱ्याला जुन्या स्लाइड प्रोजेक्टरची लेन्स आहे. कुर्ल्याच्या एका भंगारवाल्याकडून उचलली आणि प्लंबरकडच्या पाइपचा तुकडा लावून बसवली. तिला फोकसची रिंगच नाही... आपणच पाऊलभर पुढे-मागे व्हायचं. जिथे फोकस बसतो तेवढंच स्पष्ट येतं, बाकी सगळं जंगल भोवऱ्यासारखं गरगरतं. रंग अगदीच भिकार येतात, म्हणून मी ब्लॅक अँड व्हाइटच काढते. झकास दिसतं.

वहिनींना ऐकू कमी येतं. दोन्ही कानांत मशीन. उन्हाची टोपी कानावर आली की मशीन शिट्ट्या मारतं, म्हणून जंगलात त्या दोन्ही मशीन काढून गळ्यातल्या बटव्यात ठेवतात. तो संक्रांतीनंतरचा रविवार होता. रथसप्तमीपर्यंत भेटेल त्याला तिळगूळ द्यायचा त्यांचा नेम, त्यामुळे लाडूही त्याच बटव्यात.

"वहिनी, मशीनला तीळ चिकटतील!" मी म्हटलं.

मशीन आधीच काढलेलं. उत्तर आलं, "हो गं, छान झालेत या वेळी."

कान्हेरीच्या रस्त्यालगत कांडोळाचं एक पांढरंफटक झाड आहे. लोक त्याला भुताचं झाड म्हणतात. मला ते फोटोला बरं वाटतं, इतकंच. पुढे-मागे होत मी त्याच्या खोडावर फोकस साधला आणि फोटो काढला. स्क्रीनवर बघते तर कांडोळ धूसर, आणि बराच मागे असलेलं ऐनाचं झाड लख्ख! फुकट गेलेला फोटो मी तिथल्या तिथे उडवते. बोट बटणावर होतंच.

"राहू दे गं," वहिनी डोकावून म्हणाल्या. "साल बघ ना त्या ऐनाची. मगरीची पाठ नुसती."

ठेवला. पुढचाच फोटो वहिनींचा काढला – कांडोळाला टेकून हसताहेत, बटवा गळ्यात.

तिथून पुढे ओढ्याजवळ जरा टेकलो. मागून एक माकड आलं, बटव्याला हिसका दिला, बंद तुटला आणि बटवा घेऊन माकड झाडीत पसार.

"अगं, संध्याकाळी तेजूची बैठक आहे!" वहिनी ओरडल्या. तेजू त्यांची मुलगी. मुलाकडचे लोक लग्नाची बोलणी करायला येणार होते. "मशीनशिवाय मी काय करू? ते म्हणतील त्याला मान डोलावत बसणार!"

"भावोजी आहेत ना!" मीही ओरडले.

"काय?"

"भावोजी!"

"त्यांना कान आहेत गं, तोंड कुठेय?"

बराच वेळ झाडी धुंडाळली. काही नाही. माकडं कुठल्या बाजूला असतात ते कळावं म्हणून मी सकाळचे फोटो एकेक करून मोठे करायला लागले. त्या फुकट गेलेल्या फोटोत ऐनाच्या बेचक्यात काहीतरी लोंबत होतं. आणखी मोठं केलं... बटवा. गोंड्यांसकट. बंद तुटलेला.

वहिनींनी चष्मा वर करून पाहिलं. "माझाच. पण हा काढलास कधी?"

"आधी! माकड यायच्या आधी!"

वहिनी वाटेला लागल्यासुद्धा. म्हणाल्या, "ते नंतर बघू. चल आधी."

परत गेलो. बटवा फोटोत होता तसाच बेचक्यात अडकलेला. कॅमेऱ्याच्या स्टँडने खाली पाडला. लाडू फस्त, दोन्ही मशीन शाबूत, तीळ चिकटलेले.

"सांगितलं होतं ना मी?"

मशीन पुसून कानात घालत वहिनी म्हणाल्या, "कधी?"

संध्याकाळी बैठक छान रंगली. मध्येच मुलाचे काका अगदी हळू पुटपुटले, "लग्नानंतर नोकरी सोडेलच ती." मी शेजारीच होते म्हणून मला ऐकू आलं. पण वहिनी खोलीच्या त्या टोकाला!

"नोकरी नाही सोडणार ती," वहिनी तिथूनच म्हणाल्या. "पोहे घ्या ना अजून."

"मीही घरी तेच सांगत होतो," मुलगा म्हणाला, आणि तेजू आत स्वयंपाकघरात खिदळली. लग्न ठरलं, नोकरीसकट.

माझ्या मुलाने फोटो तपासले. म्हणाला, "आई, कॅमेऱ्याचं घड्याळ चुकलं असेल." घड्याळ चुकेल रे, पण फोटोंचा क्रम कसा चुकेल? कुणाचा तरी तसाच दुसरा बटवा म्हणावा, तर बंदही नेमका तिथेच तुटलेला. असा क्लेम माझ्या टेबलावर आला असता, तर मी परत पाठवला असता.

दोन्ही फोटो आता वहिनींच्या हॉलमध्ये शेजारी शेजारी लावलेत. आधीच्यात बटवा झाडावर, नंतरच्यात गळ्यात. अजून मला याचं उत्तर मिळालेलं नाही. फुकट गेलेले फोटो मात्र मी आता उडवत नाही. घरी आले की आधी मोठे करून बघते, आपलं काही हरवलेलं त्यात दिसतंय का... किंवा हरवणार असलेलं.