शिवप्पाअण्णांची पश्चिमेची खिडकी

शिवप्पाअण्णा कलशेट्टींनी समुद्र आयुष्यात एकदाच पाहिला, तोही गोकर्णला, आणि तेव्हासुद्धा ते देवळाच्या रांगेत समुद्राकडे पाठ करून उभे होते. तरीही उन्हाळ्यात दिवेलागणीला ते आपल्या पंखेदुरुस्तीच्या दुकानाच्या पायरीवर बसतात, शर्टाची वरची बटणं सोडतात आणि जाहीर करतात, "आला बगा दर्याचा वारा!"

त्यांच्या म्हणण्याप्रमाणे हा वारा अरबी समुद्रावर उठतो, कोकण पार करतो, सह्याद्रीवर चढतो आणि थेट सोलापूरच्या साखर पेठेत येऊन त्यांच्या पायरीवर टेकतो. पुण्यात तो थांबत नाही. "तितं कोण विचारतंय त्याला?"

आम्ही पायरीवरची मंडळी अनेक वर्षं माना डोलवत आलो. भांडण लागलं ते खिडकीवरून.

दुकानामागच्या खोलीत अण्णा झोपतात. एप्रिलात ती खोली भट्टी होते. गावाचे पंखे नीट करणाऱ्या माणसाच्या डोक्यावरचा पंखा गरम हवा ढवळत राहतो. म्हणून यंदा पश्चिमेच्या भिंतीत खिडकी पाडायची असं ठरवून अण्णांनी गवंडी बोलावला. तो छिन्नी टेकवणार, एवढ्यात त्यांच्या पत्नी पार्वतम्मा आडव्या आल्या. त्या दुधनी गावच्या. कडक भाकरी करून विकतात, आणि भाकऱ्यांच्या थप्प्या त्याच खोलीत रचलेल्या असतात.

"अवो, दर्याचा वारा ओला असतोय का न्हाय?"

"असणारच की! दर्या म्हनल्यावर!" अण्णा छाती काढून म्हणाले.

"मग माजी भाकरी मऊ पडंल. खिडकी न्हाय."

गवंडी चहा पिऊन परत गेला.

मी अण्णांना बाजूला घेऊन सुचवलं, "वारा समुद्राचा नाही म्हणा की. खिडकी मिळेल." मी त्यांना बाप बदलायला सांगावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. माणूस पुरता कात्रीत सापडला होता. शब्द खरा ठरला तर घामात झोपायचं, खोटा ठरला तर पायरीवर तोंड दाखवायचं नाही.

शेवटी निवाड्यासाठी त्यांनी भाचीला फोन लावला. महेश्वरी पुण्यात किनाऱ्यावरच्या मोसमी वाऱ्यांचा अभ्यास करते, तोही कॉम्प्युटरवर. फोन स्पीकरवर टाकला होता, म्हणून आम्ही सगळे पुढे सरकून ऐकू लागलो.

"मामा, जमीन तापली की तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरची गार हवा आत येते. ती किती आत येते, हे बघायला आम्ही नकाशाचे चौकोन पाडतो आणि प्रत्येक चौकोनातल्या हवेचं गणित करतो, तेच आमचं मॉडेल. अख्ख्या जगाच्या मॉडेलचे चौकोन फार मोठे असतात. त्यात सह्याद्री चेपून नुसता उंचवटा होतो. म्हणून आपल्या भागापुरतं बारीक चौकोनांचं मॉडेल लागतं."

"त्यात माजं दुकान दिसतंय का?"

"तुमच्या एका चौकोनात दुकान, पेठ, सगळं येतं, मामा."

"बरं बरं," अण्णा जरा खट्टू झाले.

"गणित दोनदा करते. एकदा समुद्र आहे तसा ठेवून, एकदा समुद्राच्या जागी जमीन मांडून. वाऱ्यात फरक पडला, तर तो समुद्राचा."

"आगं, आख्खा समुद्र काडून टाकतीस?" अण्णा ताडकन उठले. "आन् गोकर्ण?"

"गोकर्ण राहतं, मामा."

पुढच्या आठवड्यात तिचा फोन आला. अण्णांनी पायरी धरून ठेवली होती.

"मामा, समुद्र काढला तरी तुमचा संध्याकाळचा वारा जवळपास तसाच आला. कोरडाच. समुद्राची हवा मॉडेलमध्ये क्वचित पोचते, तीही बऱ्याच उशिरा. मॉडेलही चुकतं म्हणा, पण मला तरी हा जमिनीवरचाच वाटतो."

पार्वतम्मा लगेच आतून ओरडल्या, "गवंड्याला सांगावा धाडा!"

अण्णा फोनवर वाकले. मग हळूच म्हणाले, "मग त्यो येतोय कुटनं, महेश्वरी?"

"ते अजून नीट कळलेलं नाही, मामा."

अण्णांचा चेहरा असा उजळला, की मला आधी वाटलं उन्हाचा त्रास झाला. ते आमच्याकडे वळून म्हणाले, "मी चुकलो. दर्याचा न्हाय. पुण्यालाबी ठावं न्हाय, असा वारा हाय ह्यो!"

चार दिवसांत खिडकी झाली. पहिल्या संध्याकाळी पार्वतम्मांनी थप्पीतली भाकरी काढून कडकन मोडली आणि निम्मी नवऱ्याच्या हातात दिली. अण्णांनी ती तशीच धरून खिडकीतून डोकं बाहेर काढलं, ओलं बोट वर केलं आणि फोन लावला.

"महेश्वरी, आज मंगळवेढ्याच्या अंगानं आलाय. ल्हिवून घे."

"मामा, मी मीटिंगमध्ये आहे."

"मग लई बरं झालं की! समद्यांनाच सांग."