डाव्या बाजूचा कॅनल

दाढ काढून टाकायलाच मी गडचिरोलीला गेले होते. आमच्या घरात दात दुखला की काढायचा, एवढीच पद्धत मला ठाऊक. आईचे चाळिशीतच निम्मे गेले, आत्याचे त्याच्याही आधी. बाबांनी एक दाढ भर बाजारात उकिडवं बसून काढून घेतली होती, आणि ते अजूनही कौतुकानं सांगतात. म्हणून मीही धानोऱ्याच्या शाळेतून रजा टाकून, मन घट्ट करून खुर्चीत बसले. तिथली डॉक्टर माझ्या जुन्या विद्यार्थिनींच्या वयाची. तिनं बोटाएवढा एक्स-रे उजेडासमोर धरला आणि म्हणाली, "काढायची कशाला मॅडम? वाचते की ही. रूट कॅनल करून घ्या."

दाताच्या मुळात बारीक नळ्या असतात, त्यातली किडकी नस काढायची, नळ्या साफ करायच्या आणि भरून टाकायच्या, असं तिनं समजावून सांगितलं. माझ्या दाढेची मुळं जरा वाकडी होती, म्हणून चंद्रपूरच्या स्पेशालिस्टकडे जायला सांगितलं. मला मात्र तिचा एकच शब्द पुरला होता. वाचते. दाताच्या बाबतीत हा शब्द मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होते. परतीच्या एसटीत मी सारखी जिभेनं ती दाढ चाचपत बसले आणि तिचा मला भलताच अभिमान वाटायला लागला.

शनिवार ठरला. मग मला दुसरं काही सुचेना. शाळेत गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा धरून एका गुरुजींनी बजावलं की नस मारली की डोळ्यावर जाते. ज्यांना स्वतःचं तोंड धड उघडता येत नाही त्यांनी माझ्या तोंडाची काळजी करू नये, असं मी सांगून टाकलं. दवाखान्यातून फोनवर सूचना मिळाल्या होत्या: पोटभर खाऊन या, बीपीची गोळी चुकवू नका, एक्स-रे आणा. तेवढ्यावर माझं समाधान होईना. मी एक्स-रे आधी प्लास्टिकच्या पिशवीत घातला, मग जाड पाकिटात, मग पर्समध्ये, आणि नीट आहे ना ते बघायला पुन्हा बाहेर काढला. साडी काढून ठेवली, तपासणीला अधिकारी येतात त्या दिवशी नेसायची. आरशासमोर आ करून उभं राहायचा सरावही केला, कारण बराच वेळ तोंड उघडं ठेवावं लागतं असं कळलं होतं.

"एवढा सराव कायले?" नवरा मागून म्हणाला. "तोंड तर तुहं दिवसभर उघडंच रायते."

तो मुद्दाम माझ्यासमोर बसून कडाकड फुटाणे खात होता. मला सहा महिने डाव्या बाजूनं फुटाणा चावता आला नव्हता. खा म्हटलं, महिन्याभरात तुझ्या हातातला हिसकावून खाते की नाही बघ. त्याला शनिवारी ड्युटी होती, त्यामुळे मी एकटीच जाणार होते.

माझं माहेर सावली गावाच्या पुढे, चंद्रपूरच्या रस्त्यावरच आहे. जाताना फाट्यावर बाबा दिसले तर हात तरी करता येईल, म्हणून मी फोन केला. जय भीम झालं, धानाची चौकशी झाली. मग मी सांगितलं, "शनिवारी चंद्रपूरला चालले बाबा. रूट कॅनलच्या स्पेशालिस्टकडे."

त्यांनी बसची वेळ विचारली. मग बाबा म्हणाले, "मीबी येतो."

मी फोन ठेवून तशीच उभी राहिले. शेतात कापलेल्या धानाचे पुंजणे रचलेले, मळणी तोंडावर आलेली, आणि हा माणूस माझ्याबरोबर दवाखान्यात यायला निघाला होता. बाबा कधीच कुठे बरोबर आले नव्हते. माझ्या डीएडच्या प्रवेशाला मामा आला, बाळंतपणाला आई. शेत सोडून येता येत नाही हे त्यांचं उत्तर मी इतक्यांदा ऐकलं होतं की पुढे विचारणंच सोडून दिलं. त्या संध्याकाळी नवऱ्याला मी दोनदा सांगितलं, बाबा येणार आहेत. तो म्हणाला, ऐकलं. मी तिसऱ्यांदाही सांगितलं.

शनिवारी फाट्यावर बाबा पांढऱ्या इस्त्रीच्या कपड्यांत उभे होते, दाढी केलेली, चप्पल पुसलेली. त्यांना बसवून द्यायला गावातली चार जुनी माणसं आली होती आणि बस हलली तेव्हा सगळ्यांनी हात वर केले. एका दाढेसाठी एवढी माणसं, हे बघून मला गंमत वाटली आणि भरूनही आलं.

बाबा माझ्या शेजारी बसले. "साहेब मोठा हाय ना?"

"त्याच कामातले स्पेशालिस्ट आहेत. बाकी कामं घेतच नाहीत."

"असाच माणूस पाह्यजे. अन् कोणच्या बाजूचा ठरला?"

"डाव्या बाजूचा," मी म्हणाले. "खालचा."

बाबांनी समोरच्या सीटचा दांडा घट्ट धरला. "मी म्हणतच होतो. हे लोकं उजव्या बाजूचा धरून बसले होते."

"पार खालपर्यंत साफ करतात म्हणे."

"कराच लागते. गाळ रायला त पाणी कसं येईन?"

पाणी? मी त्यांच्याकडे बघितलं. ते खिडकीबाहेर बघत होते. तिथे धानाच्या बांध्यांपलीकडे अर्धवट खणलेला कॅनल दिसत होता. माझ्या लहानपणी तो खणत खणत आला आणि आमच्या गावाच्या अलीकडे थांबला. पुढचा रूट गावाच्या डाव्या बाजूनं की उजव्या ते ठरायचं आहे, असं तेव्हापासून ऐकतो आहोत. आम्ही त्यात लपंडाव खेळलो, आता त्यात बाभळी आहेत. कॅनल, रूट, चंद्रपूरचा मोठा माणूस, एवढंच बाबांनी फोनवर ऐकलं होतं. फाट्यावरच्या त्या चौघांनीही तेच ऐकलं होतं.

त्यांची आशा मोडणार याचं वाईट वाटलंच, पण खरं सांगायचं तर आधी मला माझंच वाईट वाटलं. ते माझ्यासाठी आलेच नव्हते.

"बाबा, कॅनल दाढेचा आहे," मी म्हणाले.

"कोणाच्या?"

"माझ्या." मी गालावर बोट ठेवलं आणि मुळं, नळ्या, पोटभर खाऊन यायची सूचना, सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मान हलवली आणि समोरच्या सीटचा दांडा सोडून दिला.

मूल गावाच्या स्टँडवर बस थांबली. "इथून परतीची गाडी मिळेल बाबा," मी म्हणाले. "मळणी पडली आहे तुमची." ते उठले आणि खाली उतरले. मी पर्समधून एक्स-रेचं पाकीट काढलं, उगाच उलटसुलट केलं. कंडक्टरनं घंटी मारली.

बस हलता हलता बाबा दांडा धरून वर चढले. हातात केळी होती.

"पोटभर खाऊन बोलावलं म्हणे ना डॉक्टरनं," ते बसत म्हणाले. "उजव्या बाजूनं खा."

मी खाल्ली. एक नाही, दोन खाल्ली.

दवाखान्यात डॉक्टरांनी माझी दाढ पडद्यावर मोठी करून दाखवली, तर बाबा चष्मा लावून माझ्याआधी पुढे झाले. वाकड्या नळ्या त्यांनी निरखून पाहिल्या. "पुरा कधी होईन हा?"

"आज काम सुरू करतो. अजून दोन खेपा. महिन्याभरात पूर्ण."

"नक्की?"

"नक्की," डॉक्टर हसून म्हणाले.

आम्ही बाहेर आलो तेव्हा माझा डावा गाल बधिर होता. तेवढ्यात बाबांचा फोन वाजला. गावाहून होता. मी धास्तावून त्यांच्याकडे बघत राहिले.

"हो, डाव्या बाजूचाच," बाबा फोनवर म्हणाले. "आजच काम सुरू झालं, मी माह्या डोळ्यानं पाह्यलं." ते थोडं थांबले. "नाई ना बाप्पा, आपल्या गावाचा नाई. माह्या पोरीचा."

फोन खिशात ठेवून त्यांनी माझ्या हातातली पर्स घेतली. मळणीचं काय, असं विचारायला मी अर्धं तोंड उघडलं, पण शब्द नीट निघेना.

"पुढच्या खेपेलेबी मी येतो," ते म्हणाले. "एक तरी कॅनल पुरा झालेला पाहू दे मले."