अम्मीची खिडकी आणि गिरजाबाईंची न्हाणी

काल आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर चांगलीच जुंपली होती. बाल्कनीला जाळी लावायला परवानगी लागते की नाही... मेसेजवर मेसेज! मी पोळ्या लाटता लाटता वाचत होते, आणि मन कधी माहेरी, सिंदेवाहीला जाऊन बसलं, कळलंच नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. अब्बा टेलर. पुढच्या खोलीत त्यांची मशीन, मागच्या खोलीत अम्मीची चूल, आणि धुराला बाहेर जायला वाट एकच... अब्बांच्या दुकानातून. बायका नवं ब्लाऊज नाकाला लावून म्हणायच्या, "टेलरभाऊ, शिवलं का भाजलं?"

हसण्यावारी जायचं सगळं. पण त्या वर्षी थंडी पडायला लागली आणि अम्मीचा खोकला काही केल्या थांबेना. डॉक्टर म्हणाले, औषध देतो, पण चुलीपाशी हवा खेळायला हवी, नाहीतर छाती कामातून जाईल. मी शाळकरी पोर, पण 'कामातून जाईल' म्हणजे काय ते मला बरोबर कळलं.

त्याच दिवशी अब्बांनी कापडावर आखायचा खडू घेतला आणि चुलीमागच्या काळ्याकुट्ट भिंतीवर एक चौकोन आखला. म्हणाले, इथं खिडकी. बस्स... भिंत होती तशीच होती, पण अम्मी भाकरी थापता थापता त्या चौकोनात बघायची आणि सांगायची, आज धानावर धुकं उतरलंय... आज बगळे आलेत... आम्ही बहिणी तिला चिकटून बसायचो आणि आम्हालाही दिसायचं. मला तर तिथून येणारा गार वारा गालाला लागायचा, कसम से!

अब्बा ग्रामपंचायतीत विचारून आले. तिथं सरळ सांगितलं, खिडकी शेजाऱ्यांच्या जागेकडे उघडते, तेव्हा त्यांची संमती आणा, परवानगी मिळेल. शेजार म्हणजे गिरजाबाई. धानाची शेती, घरात लेकी-सुना, स्वभाव एकदम मोकळा. मग अडलं कुठं?

अडलं न्हाणीशी. त्यांच्या सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या आवारात, बांबूच्या तट्ट्यांची न्हाणी होती. तट्ट्या तीनच बाजूंना... चौथी बाजू म्हणजे आमची भिंत!

आणि आमचे अब्बा? अर्ध्या गावाच्या बायकांचे कपडे शिवायचे, पण कधी कुणाच्या अंगाला टेप लावला नाही. मापाला जुनं ब्लाऊज घ्यायचं आणि मान खाली घालून शिवायचं. तो माणूस परक्या बाईसमोर 'न्हाणी' हा शब्द कसा काढणार? गिरजाबाई समोरून येताना दिसल्या की ते गल्ली बदलायला लागले.

अम्मी म्हणाली, "रहने दो जी. किसी की शरम उघाडी करके मेरे कू हवा नहीं होना." आणि तोंडाला पदर लावून खोकत बसली. मला तर दोघांचाही राग आला होता... आणि भीती वाटत होती.

मग अब्बांनी जे केलं ते एखादा टेलरच करू जाणे. खिडकीचा पत्ता नाही, परवानगीचा पत्ता नाही, आणि त्यांनी आधी पडदाच शिवला! जाड हिरवं कापड, दुहेरी शिलाई, वाऱ्यानं उडू नये म्हणून खालच्या काठात वाळू भरलेली. तो पडदा छातीशी धरून गेले गिरजाबाईंच्या दारात. मी मागोमाग.

"बाई, खिडकी काढायची होती... तुमच्या बाजूनं. हा पडदा कायम पडलेला राहील. माझी जबान आहे." एवढंच बोलले आणि जमिनीकडे बघत उभे राहिले.

गिरजाबाईंनी पडदा उलटसुलट करून पाहिला, वाळूचा काठ हातात तोलला.

"काऊन टेलरभाऊ, खिडकी काढून राह्यले अन् तिच्या तोंडाले फडकं बांधता? मंग बाई श्वास कुठून घेईन?"

गिरजाबाईंनी पडद्याची घडी घातली.

"हे कापड मले द्या. न्हाणी सरकवतो पल्याड, चौथ्या बाजूले हेच टांगतो. तुमची खिडकी राहू द्या उघडी. तिचा खोकला आम्हाले का ऐकू येत नाई?"

संमतीवर त्यांचा अंगठा पडला, परवानगी मिळाली, आणि गवंड्यानं भिंत फोडली. उजेड थेट चुलीपर्यंत आला... अम्मी त्यात दोन्ही हात धरून उभी राहिली, थंडीत शेकोटीपाशी उभं राहावं तशी. धान कापून झालं होतं, बगळा औषधालाही नव्हता. समोर गिरजाबाईंचा गोठा आणि एक मोहाचं झाड. पण ती बघतच राहिली, बघतच राहिली.

मग चूल पेटली... आणि सगळा धूर खिडकीतून सरळ गिरजाबाईंच्या अंगावर! त्या सुपड्यानं धान पाखडत बसल्या होत्या, त्यांना जोराचा ठसका लागला. अम्मी शरमेनं पाणी पाणी. घाईघाईनं जळती लाकडं मागे ओढायला लागली, "माफ करा बाई, विझवते, आत्ता विझवते..."

"राहू दे वं!" गिरजाबाई ठसकत ठसकत तिकडूनच ओरडल्या. "इतके दिस एकटीच खोकून राह्यली. आता अर्धं मी खोकतो."

अम्मीची छाती हळूहळू मोकळी झाली. पुढे पुष्कळ वर्षं ती आम्हाला लाभली, माझ्या मुलींनाही तिनं अंगाखांद्यावर खेळवलं. आज अम्मीही नाही, गिरजाबाईही नाहीत... गिरजाबाई, माझ्या आईचे ते सगळे श्वास तुमच्या अंगणातून आले. तुमचे उपकार माझ्यानं या जन्मी फिटायचे नाहीत.